९८.६ बरोबर आहे का? वन सॅम्पल टी टेस्ट, सोप्या भाषेत

घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर काढून बघा, ९८.६ पाशी बाण किंवा लाल खूण असते. खुणेच्या वर गेलं की ताप, खाली असलं की "काही झालेलं नाही, जा शाळेत", असा हिशोब कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चाललाय. आता समजा कुणी शे-सव्वाशे ठणठणीत माणसांचं टेंपरेचर मोजलं आणि सरासरी ९८.६ न येता ९८.२५ आली, तर काय म्हणायचं? ९८.६ हा आकडाच चुकलाय म्हणायचं, की योगायोगाने जरा थंड अंगाची माणसं हाती लागली म्हणून सोडून द्यायचं? वन सॅम्पल टेस्ट ती हीच. एका बाजूला आधीपासून माहीत असलेली (किंवा माहीत आहे असं आपण मानतो ती) सरासरी, दुसऱ्या बाजूला आपल्या सॅम्पलची सरासरी, आणि दोन्हींतला फरक नुसत्या योगायोगात बसतो का एवढाच प्रश्न. पोरं हा धडा सोपा म्हणून पटकन उरकतात, फॉर्म्युला पाठ करतात, आणि प्रोजेक्टच्या वेळी गाईडने "बरं, मग याचा अर्थ काय" असं विचारलं की गडबड होते. फॉर्म्युला खरंच सोपा आहे, गडबड त्याच्या आजूबाजूला असते, म्हणून मी एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जातो.

९८.६ आला कुठून ते आधी बघू, कारण पुढे ते लागणारे. कार्ल वुंडरलिश नावाचे जर्मन डॉक्टर होते, लाइपझिगला, त्यांनी १८६८ साली शरीराच्या तापमानावर मोठा ग्रंथ काढला. पंचवीस हजारांच्या आसपास पेशंट आणि लाखो नोंदी, तेही फूटभर लांबीच्या थर्मामीटरने, जो काखेत पंधरावीस मिनिटं धरून बसायला लागायचा. त्यातून निरोगी माणसाचं तापमान म्हणून ३७ सेल्सिअस हा आकडा रूढ झाला. ३७ चं फॅरेनहाइट केलं की बरोब्बर ९८.६ येतात. पण ३७ हा गोल आकडा आहे हो, ३६.५ ते ३७.५ मधलं काहीही ३७ म्हणून चालतं, आणि त्याचं फॅरेनहाइट केलं तर ९७.७ ते ९९.५ येतं. नुसत्या युनिट बदलण्याने त्या आकड्याला दशांश चिन्हानंतरचा ६ चिकटला आणि तो एकदम लॅबमधून मोजून आणल्यासारखा दिसायला लागला.

मग १९९२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या मॅकोविआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परत मोजलं. १८ ते ४० वयाची १४८ निरोगी माणसं, तोंडात थर्मामीटर ठेवून, तीन दिवस, दिवसातून एक ते चार वेळा, मिळून ७०० नोंदी. सरासरी आली ३६.८ सेल्सिअस, म्हणजे ९८.२ फॅरेनहाइट. पुढे १९९६ मध्ये शूमेकर नावाच्या प्राध्यापकांनी त्या लेखातल्या ग्राफवरून वर्गात शिकवायला १३० जणांचा एक डेटा तयार केला, ६५ पुरुष, ६५ बायका. तो आता जगभर स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात फिरतो. त्याची सरासरी ९८.२५ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (एकेक माणूस सरासरीपासून साधारण किती लांब असतो ते) ०.७३. आपण हाच घेऊ.

तर फरक आहे ०.३५ चा. हा मोठा का छोटा? इथे बहुतेक जण ०.३५ ची तुलना ०.७३ शी करतात. "माणसामाणसांतच पाऊण डिग्रीचा फरक असतो, मग पाव-अर्ध्या डिग्रीचं काय कौतुक" असं वाटतं, आणि एका माणसाबद्दल बोलत असू तर ते बरोबरच आहे. पण आपण एका माणसाबद्दल बोलत नाही, १३० जणांच्या सरासरीबद्दल बोलतोय, आणि सरासरी एकेकट्या माणसासारखी इकडेतिकडे पळत नाही, कारण कुणी ९७ असतं, कुणी ९९ असतं, ते एकमेकांना खाऊन टाकतात. सॅम्पल जितकं मोठं तितकी सरासरी जागच्या जागी. किती जागच्या जागी, तर स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सॅम्पल साइझचं वर्गमूळ. १३० चं वर्गमूळ ११.४, म्हणून ०.७३ भागिले ११.४, साधारण ०.०६४. याला स्टँडर्ड एरर म्हणतात, आणि या टेस्टमधली मोजपट्टी ही. परत परत १३०-१३० माणसं उचलली तर सरासरी साधारणपणे एवढ्याने हलेल.

बाकी सगळं या मोजपट्टीने मोजायचं. फरक ०.३५, मोजपट्टी ०.०६४, भागाकार साडेपाचच्या जवळ. नीट दशांश धरून केलं तर ५.४५, आणि आपली सरासरी कमी आहे म्हणून उणे ५.४५. झाली टी व्हॅल्यू. माहीत असलेल्या आकड्यापासून आपली सरासरी साडेपाच मोजपट्ट्या लांब आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वर्गमूळ आहे हे मात्र लक्षात ठेवा, कारण खर्च तिथेच वाढतो. मोजपट्टी अर्धी करायची तर माणसं दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. आणि अख्ख्या देशाची लोकसंख्या किती हे त्या सूत्रात कुठेच नाहीये, याचं लोकांना फार आश्चर्य वाटतं. भाताचं पातेलं घरातलं असो की लग्नातलं, चेपायला शितं तेवढीच लागतात, फक्त खालीवर करून घ्यायला हवीत.

आता साडेपाच म्हणजे पुरे का? इथे जरा उलटं डोकं लावायला लागतं. घटकाभर धरून चालायचं की ९८.६ हीच खरी सरासरी आहे. याला शून्य गृहीतक म्हणतात, कॉलेजात सगळे नल हायपोथिसिसच म्हणतात. ते खरं असताना १३० माणसं उचलली तर सरासरी ९८.६ पासून निदान इतकी लांब, वर किंवा खाली, जायची शक्यता किती? ही शक्यता म्हणजे पी व्हॅल्यू. आपल्या डेटासाठी ती साधारण चाळीस लाखांत एक येते. म्हणजे ९८.६ खरं असेल तर आपण चाळीस लाखांत एकदा घडणारी गोष्ट बघितली. त्यापेक्षा ९८.६ हे या माणसांसाठी बरोबर नाही असं म्हणणं सोपं जातं, आणि तेच आपण म्हणतो. सहसा पी ०.०५ च्या खाली गेली की नल नाकारतात, आणि फरक सिग्निफिकंट आहे असं म्हणतात. या वीसात एकच्या रेषेला सवय लावली रोनाल्ड फिशर या इंग्रज स्टॅटिस्टिशियननी, १९२५ च्या त्यांच्या पुस्तकातून, आणि ती सोयीची म्हणून ठेवलेली रेषा आहे. ०.०४९ आलं म्हणून पेढे वाटायचे आणि ०.०५१ आलं म्हणून प्रोजेक्ट कपाटात टाकायचं, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

पी व्हॅल्यूचा चुकीचा अर्थ मात्र इतका सर्रास सांगितला जातो की इथे थांबायलाच पाहिजे. ती "९८.६ खरं असण्याची शक्यता" नाही. आपण ९८.६ खरं धरूनच ती काढली, मग तिच्यातून ते खरं असण्याची शक्यता कशी निघेल? ती डेटाबद्दल बोलते, ९८.६ बद्दल नाही. आणि पी मोठी आली तर "९८.६ सिद्ध झालं" असंही नाही, एवढ्या डेटात त्याच्या विरुद्ध काही सापडलं नाही इतकंच. हेच उदाहरण दहा जणांवर करून बघा, सरासरी तीच ९८.२५, डेव्हिएशन तेच ०.७३. मोजपट्टी होते ०.२३, टी येते दीडच्या आसपास, आणि दहा जणांसाठी सव्वादोनच्या पुढे गेल्याशिवाय नाकारता येत नाही. फरक तोच, शरीरं तशीच, पण दहा जणांच्या डेटावरून कुणी लिहील की "९८.६ पेक्षा फरक नाही". फरक नाही हे खोटं, फरक दिसला नाही हे खरं.

दहाला सव्वादोन का, आणि १३० ला दोनच्या जरासं खाली का, याच्यामागे एक मस्त गोष्ट आहे आणि ती डब्लिनच्या दारूच्या कारखान्यातली आहे. विल्यम गॉसेट, १८९९ मध्ये गिनेस कंपनीत लागलेला केमिस्ट. जव, हॉप्स, यीस्ट यांचे प्रयोग करायचे, आणि प्रयोग महाग, त्यामुळे हातात आकडे चार, सहा, दहा. तेव्हाची पद्धत होती मोठ्या सॅम्पलची, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन आपल्याला अचूक माहीत आहे असं धरायचं आणि नॉर्मल कर्व्ह (मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरत जाणारा घंटेच्या आकाराचा) लावायचा. आज ज्याला झेड टेस्ट म्हणतात ती हीच. पण चार आकड्यांवरून काढलेलं डेव्हिएशन अचूक कसलं, ते स्वतःच लटपटतं. कधी चार आकडे योगायोगाने जवळजवळ येतात, डेव्हिएशन छोटं निघतं, मोजपट्टी छोटी होते, आणि मामुली फरकसुद्धा प्रचंड वाटायला लागतो. गॉसेट लंडनला कार्ल पीअरसन या तेव्हाच्या मोठ्या स्टॅटिस्टिशियनकडे जाऊन राहिला, आणि १९०८ मध्ये बायोमेट्रिका या नियतकालिकात त्याचा निबंध आला. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने छापू द्यायची नाही म्हणून टोपणनाव घेतलं, स्टुडंट. स्टुडंट्स टी म्हणजे विद्यार्थ्यांसाठी केलेली टी नव्हे, या माणसाची टी.

त्याने गणित तर केलंच, पण ते बरोबर आलंय का हे बघायला जे केलं ते मला जास्त आवडतं. इंग्लंडमधल्या ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचा छापील डेटा होता. त्याने ते ३००० आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवले, भरपूर पिसले, आणि चार-चारचे ७५० गठ्ठे केले. प्रत्येक गठ्ठ्याची सरासरी आणि डेव्हिएशन काढलं, खऱ्या सरासरीपासूनचं अंतर मोजलं, आणि आपला कर्व्ह जुळतो का ते बघितलं. आता लॅपटॉपवर हे सेकंदात होतं, तेव्हा हाताने! जुळलं. तो कर्व्ह नॉर्मलसारखाच दिसतो पण शेपट्या जाड, म्हणजे छोट्या सॅम्पलमध्ये टोकाच्या व्हॅल्यू जास्त वेळा येतात, म्हणून नाकारायची रेषा लांब सरकवायला लागते. चार आकडे असतील तर ३.१८, दहा असतील तर २.२६, १३० ला १.९८, आणि अगदी मोठ्या सॅम्पलला १.९६, जी झेडचीच रेषा. त्यामुळे "तीसपेक्षा जास्त असेल तर झेड, कमी असेल तर टी" हा गाइडबुकातला नियम आता पाठ करायची गरज नाही. पूर्ण लोकसंख्येचं डेव्हिएशन खरोखर माहीत असेल तर झेड, नाहीतर सरळ टी, मोठ्या सॅम्पलला दोन्ही एकच उत्तर देतात. तो तीसचा नियम टीच्या छापील तक्त्याचं पान तीसपाशी संपायचं त्या काळातला आहे.

एक अट असते, डेटा साधारण नॉर्मल असावा. १३० जण असतील तर फार काळजी करू नका, सरासऱ्या आपोआप नॉर्मलकडे जातात. आठ-दहाच आकडे असतील तर आधी ठिपके काढून डोळ्यांनी बघा, एखादा आकडा वेडावाकडा असेल तर तो सगळा खेळ बिघडवतो, आणि गंमत म्हणजे आपल्या बाजूचा असला तरी बिघडवतो. एकच आकडा खूप लांब ओढत नेला तर सरासरी लांब जाते खरी, पण डेव्हिएशनही तितकंच फुगतं, आणि टी वाढायचं सोडून १ च्या जवळ येऊन बसते. करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता खरी भांडणाची जागा. टेस्टला फक्त आकडे दिसतात, ते कुठून आले हे दिसत नाही. मूळ अभ्यासात ७०० नोंदी होत्या, मग एन (म्हणजे सॅम्पल साइझ) ७०० धरायचा का? नाही ना, माणसं १४८ च. एकाच माणसाच्या चार-पाच नोंदी एकमेकींसारख्या असणार, ज्याचं अंग मुळात थंड त्याचं तिन्ही दिवस थंडच. ७०० धरले की मोजपट्टी खोटी छोटी होते आणि पी खोटी बारीक होते. नर्सिंगच्या, फिजिओथेरपीच्या, शेतीच्या प्रोजेक्टांत ही चूक फार दिसते, दहा झाडांची पन्नास-पन्नास पानं मोजायची आणि एन पाचशे लिहायचा. झाडं दहाच आहेत बाबा.

शिवाय वुंडरलिशनी काखेत मोजलं, १९९२ वाल्यांनी तोंडात. काखेतलं टेंपरेचर सहसा तोंडातल्यापेक्षा कमी येतं, म्हणजे खरं तर वुंडरलिशचा आकडा खाली असायला हवा होता आणि तो वर आहे. मॅकोविआकनी नंतर वुंडरलिशच्या थर्मामीटरांपैकी एक म्युझियममधून मिळवून तपासला तर तो आजच्यापेक्षा जास्त दाखवत होता. मग २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांपासून अलीकडच्या पेशंटपर्यंतचे पावणेसात लाखांहून जास्त रीडिंग तपासून त्यांनी मांडलं की शरीराचं सरासरी तापमानच दीडशे वर्षांत हळूहळू उतरत आलंय. आता सांगा, आपली टी उणे ५.४५ आली याचं कारण काय, थर्मामीटर वेगळा, जागा वेगळी, की माणसंच बदलली? टेस्ट म्हणते फरक योगायोगाचा नाही. का आहे हे ती सांगत नाही, आणि सांगेल अशी अपेक्षाही करू नये. "माहीत असलेली सरासरी" कुणी, कधी, कशाने मोजली हे प्रोजेक्टमध्ये एका ओळीत तरी लिहा, बहुतेक जण लिहीतच नाहीत.

उलट्या टोकाचाही धोका आहे. सॅम्पल दहा लाखांचं घेतलं तर ०.००५ डिग्रीचा फरकसुद्धा टेस्टमध्ये दणक्यात सिग्निफिकंट येईल, आणि तेवढा फरक घरातला थर्मामीटर दाखवूही शकत नाही. म्हणून पी सोबत फरक किती आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो हे द्यायचं. आपल्या डेटासाठी सरासरीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी ज्या टप्प्यात असावी तो, ९८.१२ ते ९८.३८ आहे. ९८.६ त्याच्या बाहेर आहे हे तर दिसतंच, पण किती बाहेर हेही दिसतं. मला स्वतःला हा इंटरव्हल पी पेक्षा जास्त कामाचा वाटतो.

आणि सरासरी ९८.२५ निघाली म्हणून ९८.९ असलेला माणूस आजारी ठरत नाही! हे आधी म्हटलं तेच, सरासरीचा फरक आणि माणसाचा फरक यांची मोजपट्टी वेगळी. ९८.२५ च्या दोन्ही बाजूंना दोन डेव्हिएशन घेतलं तर ९६.८ ते ९९.७ येतं, बहुतेक निरोगी माणसं त्यात असतात, आणि मॅकोविआकनीसुद्धा दिवसभरासाठी वरची मर्यादा ९९.९ सुचवली होती. हाच घोळ आपल्या पुण्यात एका फार मोठ्या वादाच्या मुळाशी होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये भारतातल्या गरिबीचा हिशोब मांडताना माणशी दिवसाला सरासरी २२५० कॅलरीची गरज धरली. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, सॅम्पलिंगमधलं जगभरातलं मोठं नाव, त्यांचं म्हणणं पडलं की सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित कसा? गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते, तेव्हा रेषा सरासरीवर न ठेवता दोन स्टँडर्ड डेव्हिएशन खाली ठेवा. दांडेकरांना ते मान्य नव्हतं आणि वाद बरीच वर्षं चालला. कुणाची बाजू बरोबर हा वेगळा लेख होईल, पण एका माणसाला सरासरीशी तोलणं आणि सरासरीला सरासरीशी तोलणं या दोन गोष्टी एक नाहीत हे त्यात लख्ख दिसतं.

आतापर्यंत आपण वर आणि खाली दोन्ही बाजूंचा फरक धरला, ती टू टेल टेस्ट. एकाच बाजूचा फरक बघायचा असेल तर वन टेल. याचं उत्तम उदाहरण पाकीटबंद मालाचं आहे. पाकिटावर ५०० ग्रॅम लिहिलंय, जास्त भरलं तर गिऱ्हाइकाची तक्रार नाही, कमी भरलं तर आहे. कायदेशीर वजनमापांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या आर ८७ या शिफारशीच्या २००४ च्या आवृत्तीत ५० पाकिटांच्या सॅम्पलसाठी नियम असा होता की प्रत्येक पाकिटातली तूट किंवा वाढ काढा, त्यांची सरासरी घ्या, तिच्यात ०.३७९ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवा, तरीही उत्तर शून्याखाली असेल तर लॉट नापास. हा ०.३७९ कुठून आला माहितीये का? टीच्या तक्त्यात ५० पाकिटांसाठी अर्ध्या टक्क्याची एका बाजूची व्हॅल्यू आहे २.६८, भागिले ५० चं वर्गमूळ. म्हणजे इन्स्पेक्टरने टी टेस्टचं नाव ऐकलेलं नसलं तरी तो गोदामात टी टेस्टच करतोय. फक्त वन टेल की टू टेल हे डेटा बघायच्या आधी ठरवायचं असतं. आकडे कमी बाजूला गेलेत हे बघून मग वन टेल लावली की पी अर्धी होते, आणि ०.०८ चं ०.०४ करायचा हा जुना जुगाड परीक्षकांना चांगला ठाऊक असतो.

करायचं कसं, तर आर (स्टॅटिस्टिक्सचं फुकट सॉफ्टवेअर) असेल तर टी.टेस्ट कमांडला डेटा आणि mu = 98.6 द्यायचं, झालं. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये मात्र वन सॅम्पलचं बटणच नाहीये, पेअर्ड आणि टू सॅम्पलची आहेत. त्यावर तोडगा असा की शेजारच्या कॉलममध्ये सगळीकडे ९८.६ भरायचं आणि पेअर्ड टेस्ट लावायची, कारण पेअर्ड टेस्टसुद्धा शेवटी वजाबाक्यांची वन सॅम्पल टेस्टच असते. कोरिलेशनच्या जागी एरर दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका, एक कॉलम सगळा सारखाच असल्यामुळे येतो तो, टी आणि पी बरोबर असतात. टू टेलची पी घ्या, आणि रिपोर्टमध्ये नुसतं "सिग्निफिकंट" न लिहिता एन, सरासरी, डेव्हिएशन, टी, डिग्री ऑफ फ्रीडम (एन वजा एक, इथे १२९), पी आणि इंटरव्हल असं सगळं लिहा. पी च्या जागी एक्सेलने मोठी दशांशाची शेपटी किंवा ई वालं काहीतरी दाखवलं तर ते तसंच चिकटवू नका, ०.००१ पेक्षा कमी एवढं लिहिलं तरी चालतं.